पथारी

नंदुरबारच्या बाहेर, जिथं रस्ता आणि रूळ
काही अंतर एकमेकांशी न बोलता सोबत चालतात,
त्या दोघांच्या मधे आमची मिरचीची पथारी.
दोन बाजू समांतर. उरलेल्या दोन
कुणाच्याच ऐकण्यातल्या नव्हत्या:
एक विहीर चुकवायला कललेली,
दुसरी निंबाच्या सावलीला भिऊन मागं सरलेली,
कारण सावलीत मिरची सुकत नाही, काळी पडते.

हिवाळाभर ती लाल असायची.
गाडीतली माणसं खिडक्या लावून घ्यायची,
पण शिंका आधीच आत गेलेल्या.
आई, बारकीमावशी, धडगावकडून आलेली सिंगीबाई
बोटांना फडकी गुंडाळून वाकायच्या, पसरायच्या.
मजुरी पसरलेल्या जागेवर. फुटावर.

मुकादम वेडू. टेप त्याच्याच खिशात.
व्यापाऱ्याकडून भाडं घेताना
तो रुळाकडची बाजू धरायचा: एकशे चाळीस.
बायांना मजुरी देताना
रस्त्याकडची: शंभर.
मधलं अंतर ऐंशी. ते मात्र दोन्ही वेळा खरं.
दोन्ही वह्या मीच लिहायचे,
माझं अक्षर चांगलं म्हणून.

नववीत समलंब चौकोन आला
आणि माझं अक्षर थांबलं.
समांतर बाजूंची बेरीज, गुणिले उंची, भागिले दोन.
नऊ हजार सहाशे.
एका वहीत अकरा हजार दोनशे,
दुसरीत आठ हजार.
रात्री आईला सूत्र वाचून दाखवलं.
ती म्हणाली, "भागिले दोन?
म्हंजे पुन्हा आपलंच कापनार ना?"
मला सांगता आलं नाही.

सांगता आलं सुपडू मिस्तरीला.
जन्मल्यावर सुपात घातलेला, म्हणून सुपडू;
मागं अरुंद, पुढं रुंद,
समलंबातच पहिली झोप काढलेला माणूस.
तो खाटा करायचा. समोरासमोरचे दांडे
एका मापाचे कापून, ठोकून झाल्यावरही
चौकटीवर विश्वास ठेवायचा नाही.
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सुतळी,
मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत.
बोटभर फरक निघाला
की लांबट कोपऱ्याला गुडघा लावून दाबायचा.
"काठ खोटं बोलतस, पोरी. तिरपी दोरी नही."
पुस्तकातही तेच होतं,
आयताचे कर्ण एकरूप असतात.
फक्त गुडघा नव्हता.

पथारीचं विचारलं
तर कानामागची पेन्सिल न काढताच म्हणाला,
मधोमध दोरी धर.
जितकी भरेल, तितकीच तुमची जागा रुंद.

दुसऱ्या दिवशी, भाकरीच्या सुट्टीत,
खाटेची जुनी दोरी रुळापासून रस्त्यापर्यंत ताणली,
दुमडली, निम्म्यावर दोन दगड ठेवले.
मग आडवी: विहिरीच्या टोकाला आई,
निंबाच्या टोकाला सिंगीबाई.
जिथं संपली तिथं गाठ.
सिंगीबाईला आकडे येत नव्हते.
ती गाठीची दोरी घेऊन रस्त्याकडं गेली,
एक टोक कोपऱ्यावर पायाखाली धरायला लावलं
आणि चालत सुटली.
बाजू संपली. दोरी संपली नाही.
उरलेली चारीत पडली, धुळीत, वेटोळं होऊन.
तिनं ती उचलली, हातानं मोजली,
एक हात, दोन हात, तेरा हात आणि वर थोडी,
आणि वेडूकडं नुसतं बघत राहिली.

वेडूनं टेप काढला. परत ठेवला.
त्या आठवड्यापासून मजुरी एकशे दहानं.
एकशे वीस कधीच झाली नाही.
पण वह्या लिहायला त्यानं
शिरपूरहून भाचा आणला.

आता मी शहाद्याला नववीलाच शिकवते.
पुस्तकातला समलंब नेहमी
मोठी बाजू खाली घेऊन बसलेला,
पाटावर जेवायला बसावं तसा, निवांत.
मी फळ्यावर लहान बाजूवर उभा करते.
पहिल्या बाकावरचा हिलाल दर वर्षी
वेगवेगळ्या नावानं असतोच.
म्हणतो, मॅडम, उलटा काढला.
नाही रे, मी म्हणते,
रूळ वरच्या अंगाला आहेत.